पहिला नंबर कोणाचा?

मंडळी, कापूस-तूर घरात आली की आमच्या विदर्भात शंकरपटाचे दिवस येतात. हिंगणघाटात चहाच्या टपरीवर मग एकच विषय. कोणाची जोडी निघाली, किती सेकंदात निघाली, मालक कोण, जोडी कितीला मागितली. बैलांची नावं पोरासोरांना पाठ. पण छकड्यावर जीव मुठीत धरून उभा असलेला धुरकरी कोण होता, ते विचारून बघा. "होता कोनी तरी" हे उत्तर ठरलेलं!

माझं भांडण या "कोनी तरी"शी आहे.

आता जरा लांबचं उदाहरण देतो. अमेरिकेत स्टॉक कारच्या शर्यती असतात. दिसायला रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या गाड्या, पण वेग भलताच. १८ फेब्रुवारी १९७९ ला फ्लोरिडात डेटोनाची ५०० मैलांची शर्यत झाली. शेवटच्या फेरीत पुढे असलेले डॉनी ॲलिसन आणि केल यारबरो एकमेकांवर आदळले आणि मागून आलेला रिचर्ड पेटी जिंकला. दुसरा डॅरेल वॉलट्रिप, तिसरा ए. जे. फॉइट. आदळलेले दोघं चौथे-पाचवे धरले गेले, आणि मैदानावर त्यांची हाणामारी झाली ती वेगळीच. इतक्या वर्षांनीही पाचही नावं मिळतात. गाड्यांना मालक तिथेही होतेच की! पण निकालात आधी नाव येतं ते चालवणाऱ्याचं.

आमचे मोठे काका यावर म्हणणार, "अरे बाबू, पयते कोन? बैल. पोसते कोन? मालक. धुरकरी काय, आज हा, उद्या तो." काका, बैल पळतो हे मान्य. मालक वर्षभर खुराक घालतो, कर्ज काढून जोडी घेतो, तेही मान्य. पण जोडी सरळ चाकोरीत ठेवणं, दोन्ही बैलांची चाल जुळवणं, निकालाच्या रेषेपलीकडे गर्दीत न घुसवता आवरणं, हे कोण करतं? आणि उधळली तर चाकाखाली कोण जातं? मालक तर तेव्हा मांडवात असतो!

आणि हा नुसता मानपानाचा मुद्दा नाही. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या, त्या बैलांच्या हालांमुळे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तो कायदा कायम ठेवला. पण अटी घालूनच. बैलाला मारायचं नाही, टोचायचं नाही. आता सांगा, तुतारी कोणाच्या हातात असते? ज्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही, त्याला जाब कोण विचारणार? आणि ज्याने एकदाही न टोचता जोडी काढली, त्याची पाठ कोण थोपटणार?

नाव लिहिलं की शाबासकीही त्याची आणि दोषही त्याचा. बिननावाच्या माणसाला या दोन्हींची फिकीर कशाला असेल?

अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात बायांनीही जोड्या हाकल्या. तेव्हा मात्र हाकणारी कोण, हे सगळ्यांनी कौतुकाने बघितलं. म्हणजे बघायचं ठरवलं की हाकणारा दिसतो!

मागणं फार मोठं नाही. निकालाच्या फळ्यावर एक रकाना वाढवा. बैल, मालक, गाव, वेळ... आणि धुरकरी. भोंग्यावर नाव पुकारा. बक्षिसातला त्याचा वाटा आधी ठरवून सगळ्यांसमोर त्याच्या हातात द्या. खडूला काही जास्त पैसे पडत नाहीत.

असो. काकांचा फोन येईलच. बाकी तुम्ही बोला. तुमच्या गावच्या पटात मागच्या वर्षी पहिली आलेली जोडी कोणी हाकली होती? नाव आठवतं?