फावल्या वेळातले कर्वे

परवा एका यशस्वी गृहस्थांनी व्याख्यानात तरुणांना कानमंत्र दिला. आधी पगार, मग फ्लॅट. हप्ते फिटले की काय ते खूळ करा. उदाहरणाला घेतले कोण, तर र. धों. कर्वे! त्यांनी म्हणे प्राध्यापकी सांभाळून फावल्या वेळात संततिनियमनाचं काम केलं असतं, तर हालही टळले असते आणि कामही जास्त झालं असतं. टाळ्या पडल्या.

कर्व्यांनी नेमकं तेच करून पाहिलं होतं, हे वक्त्यांच्या गावीही नव्हतं. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत असतानाच 1921 साली त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. दिवसा गणित, उरल्या वेळात सल्ला. गृहस्थांच्या वेळापत्रकात अगदी चपखल! कॉलेजच्या चालकांना मात्र ते खपलं नाही. प्रचार तरी सोडा, नाहीतर नोकरी. 1925 साली कर्व्यांनी राजीनामा दिला. फावल्या वेळात बासरी वाजवलेली कुणालाही चालते. साहेबांच्या मुलीच्या लग्नात तर आग्रहाने वाजवायला लावतात. साहेबांना न पटणारं काही फावल्या वेळात जाहीर बोलून बघा. पगारात गप्प बसण्याचे पैसेही धरलेले असतात, हे महिन्याच्या स्लिपवर छापत नाहीत इतकंच. ‘आधी पगार’ हा उपदेश पूर्वी काका-मामा पंगतीत जिलबीचा आग्रह करता करता फुकट करायचे. आता मानधन घेऊन होतो.

‘अशी माणसं अपवाद असतात.’ असतील. मग उदाहरणाला कशाला घेतलीत?

‘घरच्यांची फरपट होते.’ हे खरं आहे. पत्नी मालतीबाईंच्या कमाईचा आधार नसता तर कर्व्यांचं अवघड होतं. पण गृहस्थांनी तासाभरात मालतीबाईंचं नाव एकदाही घेतलं नाही.

राहिलं, कर्व्यांनी मिळवलं काय. जुलै 1927 पासून 1953 साली मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात डॉ. आंबेडकर वकील होते, तरी दंड झालाच. पुढे 1952 साली सरकारनेच कुटुंबनियोजन हाती घेतलं, पण त्याचा दाखला मी देणार नाही. कर्वे 1927 लाही बरोबरच होते. जे पटलं ते स्वतःच्या नावाने छापायला त्यांना कुणाची परवानगी लागली नाही, एवढीच त्यांची मिळकत, आणि मला ती पुरेशी वाटते. गृहस्थांच्या हिशेबात ती बसत नसेल, तर पुढच्या व्याख्यानाला त्यांनी दुसरा माणूस शोधावा.