इलेव्हन प्लस, शिकवणी आणि आपली सामूहिक जबाबदारी

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांत मूल नऊ वर्षांचे झाले की एक प्रश्न हमखास उपस्थित होतो : इलेव्हन प्लस परीक्षेसाठी त्याला शिकवणी लावावी काय? सटन, स्लाऊ, बर्मिंगहॅम अथवा केंट परगण्यात राहणाऱ्या पालकांना तर तो टाळताच येत नाही. काही पालक शिकवणीला गुणवत्तेची फसवणूक समजतात, तर काही जण मूल सात वर्षांचे होताच शिकवणीवाल्यांचे उंबरठे झिजवू लागतात. आमच्या मते या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत.

प्रथम या परीक्षेचे मूळ पाहू. १९४४ च्या शिक्षण कायद्याने माध्यमिक शिक्षण मोफत केले. परंतु अंमलबजावणी करताना अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची निरनिराळ्या शाळांत विभागणी सुरू झाली. बुद्धी बव्हंशी उपजत असते व ती त्या वयात मोजता येते, हा सिरिल बर्ट प्रभृती मानसशास्त्रज्ञांचा सिद्धांत या विभागणीच्या पाठीशी होता. जन्मावरून योग्यता ठरते हे ज्यांच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकविले गेले, त्यांनी तरी असा सिद्धांत तपासल्यावाचून स्वीकारू नये. १९७१ मध्ये बर्ट यांचे निधन झाल्यानंतर जुळ्या भावंडांविषयीच्या त्यांच्या आकडेवारीवर गंभीर आक्षेप घेतले गेले. त्याआधीच, १९५० च्या दशकात, फिलिप व्हर्नन यांनी दाखवून दिले होते की थोड्या सरावानेही बुद्धिमापन चाचणीतील गुण वाढतात, परंतु ही वाढ लवकरच थांबते. आज इंग्लंडमध्ये १६३ सरकारी ग्रामर शाळा उरल्या आहेत. १९९८ च्या कायद्याने नव्या काढण्यास मनाई आहे. जागा मोजक्या आणि इच्छुक अनेक, म्हणून शिकवणीचा बाजार तेजीत आहे. शिकवणीचा प्रभाव कमी व्हावा म्हणून काही परगण्यांनी परीक्षेचे स्वरूप बदलून पाहिले. पण नव्या स्वरूपाची सरावपुस्तकेही लगोलग दुकानांत आली.

तेव्हा मुलाला तयारी हवी, हे उघड आहे. शब्दांची कोडी आणि आकृत्यांचे प्रश्न सामान्य शाळेत फारसे शिकविले जात नाहीत. जे कधी पाहिलेच नाही ते घड्याळ लावून सोडवायला सांगणे म्हणजे बुद्धीची नव्हे, अपरिचयाची परीक्षा घेणे होय. मात्र औषधाप्रमाणे तयारीलाही मात्रा असते. वर्षभर आठवड्यातून एक-दोन तासांचा नियमित सराव, लहानपणापासून वाचनाची गोडी आणि पुरेशी झोप एवढे बहुतेक मुलांना पुरेसे आहे, असे आमचे मत आहे. सप्टेंबरमधील परीक्षेपूर्वी पोटदुखी व निद्रानाशाच्या तक्रारी घेऊन येणारी दहा वर्षांची मुले आम्ही दवाखान्यात पाहिली आहेत. तपासणीत काही आढळत नाही. विचारपूस केली की दोन-दोन, तीन-तीन शिकवण्यांची हकिकत बाहेर येते. अशा मुलास आणखी एका शिक्षकाची नव्हे, खेळाच्या मैदानाची गरज असते.

परंतु खरा प्रश्न याहून मोठा आहे. सटन ट्रस्टच्या २०१३ मधील अहवालानुसार ग्रामर शाळांत प्रवेश मिळविणाऱ्यांत शाळेचे मोफत जेवण मिळण्यास पात्र असलेली गरीब मुले ३ टक्क्यांहूनही कमी होती. उलट सुमारे १३ टक्के मुले सरकारी शाळांबाहेरून, म्हणजे प्रामुख्याने फी भरून शिकविणाऱ्या शाळांतून आली होती. ही दरी आपल्या समाजातही आहे. आपल्यातील डॉक्टर व अभियंता शिकवणीचे शुल्क सहज भरतो. केअर होममध्ये रात्रपाळी करणाऱ्या आईला एका तासाच्या शिकवणीसाठी दोन-तीन तासांची मजुरी मोजावी लागते. दोघांची मुले एकाच प्रश्नपत्रिकेला बसतात आणि निकालाला आपण गुणवत्ता म्हणतो.

ही विषमता ओळखणारे उपायही आहेत. बर्मिंगहॅममधील किंग एडवर्ड सहावा प्रतिष्ठानच्या ग्रामर शाळांनी गरीब घरांतील मुलांना प्रवेशात प्राधान्य देऊन त्यांच्यासाठी गुणांची अट शिथिल केली. भारतात १९८० च्या दशकात सुरू झालेल्या नवोदय विद्यालयांत निवड परीक्षा असली तरी किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. शिवाय अनुसूचित जाती-जमातींसाठी आरक्षण आहे. आरक्षणाने गुणवत्ता बुडते असे इथे येऊनही म्हणणाऱ्या आपल्या देशबांधवांनी ही उदाहरणे अवश्य अभ्यासावीत.

आपण स्वतः काय करावे? बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा वसतिगृहे व वाचनालये हा तिच्या कार्याचा प्रमुख भाग होता. १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, त्याचा लाभ नोकरी करून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी घेतला. सुखवस्तू घरातील मुलाला जे आपोआप लाभते, ती शांत जागा, पुस्तके आणि विचारायला जाणते माणूस, ते सर्व समाजाने एकत्र येऊन उभे करावयाचे, हा त्या कार्याचा गाभा होता. वसतिगृह ही गरिबाच्या मुलाची शिकवणीच होती. फरक एवढाच, की तिचा खर्च समाज उचलत असे.

म्हणून आमची सूचना अशी की, संघटनेने दर शनिवारी सकाळी दोन तासांचा विनामूल्य अभ्यासवर्ग चालवावा. परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या नमुना प्रश्नपत्रिका मोफत मिळतात. पुस्तके नगरपालिकेच्या ग्रंथालयात आहेत. विद्यापीठात शिकणारे आपले तरुण आणि निवृत्त शिक्षक यांनी महिन्यातून एक सकाळ दिली तरी वर्ग चालेल. मात्र तो केवळ ग्रामर शाळेत जाऊ इच्छिणाऱ्यांपुरता नसावा. कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळेत जाणाऱ्या मुलासही तेथे तितकेच स्थान हवे. त्या शाळांतूनही डॉक्टर, वकील आणि प्राध्यापक घडतात.

आणखी एक विनंती. जयंतीच्या समारंभात ग्रामर शाळेत प्रवेश मिळविलेल्यांचा पुष्पगुच्छ देऊन सत्कार होतो, आणि त्यांच्याच वयाची इतर मुले मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवितात. अकराव्या वर्षी मुलांत उच्च आणि कनिष्ठ अशी वर्गवारी करण्याचे काम निदान आपल्या व्यासपीठावरून होऊ नये. यापुढे प्राथमिक शाळा पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला व्यासपीठावर बोलावून एकेक पुस्तक द्यावे, असा ठराव संघटनेच्या पुढील सभेत मांडावा.