कामाच्या दौऱ्यातला आपला एक तास

हल्लीची मुलं जेवढा प्रवास करतात तेवढा आमच्या सात पिढ्यांनी मिळून केला नसेल. आमच्या नात्यातच बघा ना. कुणी महिन्यातून दोनदा हैदराबादला, तर कुणी दर आठवड्याला मुंबईला. सोमवारी बॅग भरायची, बुधवारी रात्री घरी. आणि ‘काय रे, काय बघितलंस?’ असं विचारलं की भाच्याचं ठरलेलं उत्तर, ‘आत्या, कामाला गेलो होतो, फिरायला नाही!’

हे उत्तर मला पटत नाही. आज त्याविषयीच थोडंसं.

कामाचे तास कामाला द्यावेत, याबद्दल वादच नाही. जन्मभर घंटेवर चाललेली बाई वेगळं काय सांगणार? पण सकाळी नाश्त्याच्या आधीचा एक तास आणि संध्याकाळचा एक तास कंपनीने विकत घेतलेला नसतो. तो बहुतेक जण खोलीतला टीव्ही नाहीतर हातातला मोबाईल बघण्यात घालवतात. मला नोकरीत असताना परीक्षेच्या कामासाठी मुंबईला जावं लागे. भत्ता बेताचाच. त्यामुळे ‘तिकीट नाही ना?’ हा माझा पहिला प्रश्न. त्या एका प्रश्नामुळे जी मुंबई पायाखालून गेली, ती कुठल्याही सहलीच्या बसमधून दिसली नसती.

आता मुंबईच का? तर कामासाठी सगळ्यात जास्त माणसं तिथेच जातात आणि सगळ्यात कमी तीच बघतात. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारतीत बैठक, शेजारच्या हॉटेलात मुक्काम, तिथूनच विमानतळ. आता तर तिथून भुयारी मेट्रो थेट हुतात्मा चौकापर्यंत येते. म्हणजे ‘लांब पडतं’ ही सबबही गेली.

हुतात्मा चौकातून पाच-सात मिनिटं चाललं की हॉर्निमन सर्कलपाशी सेंट थॉमस कॅथीड्रल आहे. १७१८ सालचं. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे वाट यायची तो चर्चगेट! रोज चर्चगेटला उतरणाऱ्या दहा जणांना विचारा, त्यातल्या किती जणांना हे चर्च माहीत आहे ते.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी मुंबईतली अंतरं या चर्चपासून मोजली आणि रस्त्यांच्या कडेला मैलाचे दगड रोवले. काळा दगड, त्यावर रोमन आकडा आणि सेंट थॉमस चर्चपासून इतके मैल, असा इंग्रजी मजकूर. काळबादेवी, दादर अशा गजबजलेल्या ठिकाणी ते उभे होते. पुढे रस्ते वर चढत गेले, पदपथ झाले, आणि त्यातले काही दगड अर्धेअधिक जमिनीत गेले. लोक त्यांच्यावरून, त्यांच्या शेजारून चालत राहिले. गेल्या काही वर्षांत पालिकेने ते शोधून, वर काढून साफ केले. त्यांतला एक जरी स्वतःच्या डोळ्यांनी शोधून काढलात, तर शाळेच्या सहलीतल्या मुलासारखा आनंद होतो की नाही बघा.

संध्याकाळचा तास असेल तर सीएसएमटीसमोर उभं राहावं. जागतिक वारसा म्हणून २००४ सालीच मान मिळालेली ही इमारत, पण तिच्या फाटकाच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ बसलाय हे गाडी पकडणाऱ्याला कुठलं दिसायला? सिंह म्हणजे इंग्लंड आणि वाघ म्हणजे हिंदुस्थान. समोरची महापालिकेची इमारतही त्याच स्टीव्हन्स साहेबाची. तिथून क्रॉफर्ड मार्केट दहा मिनिटांवर. त्याच्या दर्शनी दारांवर शेतकऱ्यांची कोरीव शिल्पं आहेत, ती लॉकवुड किपलिंग यांच्या हातची. रुडयार्ड किपलिंगचे हे वडील. जवळच्याच जे. जे. कलाशाळेत ते शिकवत. खाली आपण आंब्याचा भाव करत असतो आणि वर हे!

सकाळचा तास हाताशी असेल तर दादर पश्चिमेचा फुलबाजार. उजाडायच्या आतच झेंडू, शेवंती, निशिगंध यांचे ढीग लागलेले असतात. एकट्या बाईने जावं का, असं भाची विचारते. अगं, तिथे पहाटे बायकांचीच ये-जा जास्त. मात्र पाटीवाल्याच्या वाटेत उभं राहू नये, फार ओरडा बसतो.

आणि वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि तलावाचं पाणी मात्र गोडं. रामाच्या बाणाची कथा त्याला जोडलेली आहे. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, भोवती देवळं. लोक इथे पितरांचे विधी करायला येतात, म्हणून कॅमेरा जरा सांभाळून. या पायऱ्यांची एक गोष्ट मुद्दाम सांगते. २०२४ साली गाळ काढायच्या कामात खोदाईचं यंत्र सरळ पायऱ्यांवरून उतरवलं गेलं आणि दगड फुटले. आसपासच्या लोकांनी ते पाहिलं, आवाज उठवला, पोलिसांपर्यंत प्रकरण गेलं आणि पायऱ्या पुन्हा बसवायचं काम हाती घेतलं गेलं.

मला नेमकं हेच म्हणायचंय. ज्या जागेला तिकीट असतं तिला पहारेकरी असतो, कुंपण असतं, हिशेबाची वही असते. फुकटच्या गोष्टींना यातलं काहीच नसतं. त्यांना राखण असते ती फक्त येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेची. बाणगंगेकडे लोकांची नजर होती, म्हणून आरडाओरडा झाला. मैलाच्या दगडांकडे कुणाची नव्हती, म्हणून ते मुकाट्याने जमिनीत गेले. तेव्हा ‘आपण पाहुणे, आपला काय संबंध?’ असं म्हणू नये. पाहुण्याने दोन मिनिटं थांबून वर पाहिलं, की शेजारचा दुकानदारही वर बघतो. हे मी अनेकदा अनुभवलंय.

‘दिवसभर बैठकांनी डोकं भणभणलेलं असतं’ हीसुद्धा एक तक्रार ऐकते. खरी असेल. पण भणभणलेल्या डोक्याला आणखी एक पडदा दाखवून ते शांत होतं, असं मला तरी दिसलेलं नाही. अर्धा तास पाय मोकळे केले की झोप बरी लागते, हे सत्तरी ओलांडलेल्या बाईचं ऐका.

आणि हे फक्त मुंबईचं नाही. नागपूर असो, इंदूर असो, चहाच्या टपरीवर किंवा हॉटेलच्या रखवालदाराला एवढंच विचारा, ‘दादा, इथलं जुनं काय आहे जवळपास?’ ‘बघण्यासारखं काय’ असं विचारलंत की तो मॉलचा पत्ता देईल. ‘जुनं काय’ विचारलंत की विहीर, वेस, एखादा पार असं काहीतरी निघतं.

तर मंडळी, बाई म्हटलं की गृहपाठ आलाच. पुढच्या दौऱ्यात एकच गोष्ट बघायची, फुकटातली. घरी आल्यावर मुलांना तिच्याबद्दल पाच वाक्यं सांगायची. मला फोन करून सांगितलीत तरी चालेल, मी घरीच असते.