काम मोजणाऱ्या प्रश्नावलीत जात कुठे आहे?

केंद्र सरकारच्या ‘नमस्ते’ योजनेत २०२३ पासून गटारे आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या कामगारांची नोंदणी होत आहे. २०२४ मध्ये समोर आलेल्या आकडेवारीनुसार, नोंद झालेल्या सुमारे ३८ हजार कामगारांपैकी ९० टक्क्यांहून अधिक अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी आहेत. एकट्या अनुसूचित जातींचा वाटा सुमारे ६९ टक्के! हे काम कोण करते, ते सरकारी कागदावरच आले. पण ते काम माणसाला किती मुभा देते, हे या आकड्यांतून कळत नाही.

ते मोजण्याचे साधन आहे. अमेरिकेतील हॅकमन आणि ओल्डहॅम यांनी १९७५ मध्ये एक प्रश्नावली मांडली. त्यात कामगार आपल्या कामाच्या पाच बाजूंना १ ते ७ गुण देतो: कौशल्यांची विविधता, काम अथपासून इतिपर्यंत करता येणे, कामाचे महत्त्व, स्वायत्तता आणि काम कसे झाले याची कामातूनच मिळणारी पावती. पहिल्या तिन्हींच्या सरासरीला उरलेल्या दोन्हींनी गुणायचे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सफाईच्या कामाला महत्त्वाचे ७, विविधतेचा १, पूर्णतेचे ४ गुण, सरासरी ४. पावतीचे ४, स्वायत्ततेचा मात्र १. एकूण १६. स्वायत्तता ७ झाली, तर तेच काम ११२ वर जाते. म्हणूनच ‘कोरोना योद्धा’ म्हणून फुले उधळल्याने काही बदलत नाही. महत्त्व आधीच ७ आहे. अडते ते अधिकारापाशी.

तरीही ही प्रश्नावली अपुरी आहे. काम कसे करायचे ते तुम्ही ठरवता का, एवढेच ती विचारते. ते नाकारता येते का, हे विचारत नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार मिळणारी वारसा नोकरी घराला आधार देते, हे खरे. पण पदवीधर मुलाच्या हातीही झाडूच येत असेल, तर ती निवड कोणाची?

जात ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच ‘जातिसंहारा’त मांडले. ज्या कामात माणसाचे मन नाही, तिथे कार्यक्षमता कुठून येणार, हा त्यांचा सवाल हॅकमन-ओल्डहॅम यांच्या जवळपास चाळीस वर्षे आधीचा आहे.

म्हणून वस्तीत सर्वेक्षणाला जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न जोडावेत: हे काम तुम्ही निवडले का? धोका दिसल्यास नकार देता येतो का? इथून वरच्या पदावर जाण्याची वाट आहे का? उत्तरे कामगाराच्याच शब्दांत लिहून घ्या. सम्यक आजीविकेची चर्चा तिथूनच सुरू होईल.