मापे आपली, हिशेब आपला नव्हे

भोर आणि वेल्हे ही भाताची खोरी. इथल्या खळ्यावरचे धान्य पिढ्यान्‌पिढ्या मापांनी मोजले गेले. दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली, दोन अधोल्यांची एक पायली. नावांचे उच्चार गावागणिक बदलत. पायलीही सगळीकडे सारखी भरत नसे. कुठे बारा पायल्यांचा मण, तर कुठे सोळा पायल्यांचा. पुढे १९५६ चा वजनमापांचा कायदा आला, १९५७ साली रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि शेर-पायली हळूहळू अडगळीत गेली.

गणित ही माणसाची निर्मिती आहे, असे म्हणणाऱ्यांना याहून चांगला पुरावा कुठला हवा? त्यांचे म्हणणे असे : मोजण्याची गरज माणसाची, मापे माणसाने पाडलेली, दहाचा पाया हाताच्या दहा बोटांवरून आलेला, चिन्हे आणि नियम संकेताने ठरलेले. सरकारने एक कायदा केला आणि सगळा हिशेब बदलला. मग गणितही कायद्यासारखे, चालीरीतींसारखे. आपण ठरवले म्हणून खरे, उद्या वेगळे ठरवले तर वेगळे खरे. विट्‌गेन्स्टाइनसारख्या मोठ्या तत्त्वज्ञानेही गणितज्ञ काही शोधून काढत नाही, तो रचतो, असे मानले आहे. हे मत हलके नाही, आणि ते मांडणारे लोकही हलके नाहीत. पण ते चूक आहे असे मला वाटते, आणि ते का चूक आहे हे त्याच मापांवरून दाखवता येते.

कोळवे, चिपटे, मापटे, शेर आणि अधोली अशी पाच मापे प्रत्येकी एकेक घ्या. कोळवे हे एक धरले तर ती अनुक्रमे एक, दोन, चार, आठ आणि सोळा होतात. आता एकापासून एकतीस कोळव्यांपर्यंत कितीही धान्य मागा. प्रत्येक माप फार तर एकदाच भरून ते मोजून देता येते. बावीस हवे असतील तर अधोली, मापटे आणि चिपटे. आणि अशी प्रत्येक मागणी पुरी करण्याची रीत एकच असते, दुसरी नसते. हे कोणी ठरवले? ज्यांनी ही मापे पाडली त्यांनी दुप्पट-निमपटीची रीत घेतली, कारण निम्मे करणे डोळ्यांना आणि हाताला सोपे. एकतिसाचा हा गुण त्यांनी त्या मापांत भरला नव्हता. दुपटीची रीत पत्करली आणि तो गुण न मागता पदरात पडला. लायब्निट्सने याच दुपटीवर उभ्या असलेल्या द्विमान अंकगणितावरचा लेख १७०३ साली छापला, पण म्हणून ते सत्य १७०३ पासून लागू झाले असे कोणी म्हणणार नाही.

समजा, आपल्या पूर्वजांनी तिपटीची मापे केली असती : एक, तीन, नऊ, सत्तावीस. मग प्रत्येक माप एकदाच घालून दोन कोळवी मोजता आली नसती. पण ओतलेल्यातून एखाद्या मापाने परत काढून घेण्याची मुभा दिली, की याच चार मापांनी एकापासून चाळीसपर्यंत सगळे मोजता येते. म्हणजे निवड बदलली तरी सुटका होत नाही. दुसऱ्या निवडीमागे दुसरा नियम आधीच हजर असतो.

नावांचेही तसेच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ असे वाचन सुचवले गेले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांची बाजू गणिताच्या दृष्टीने बिनतोड होती, आणि भाषेसाठी हळहळणाऱ्यांची हळहळही खरी होती. पण त्या वादात काही जणांना गणितच बदलल्यासारखे वाटले, ते मात्र योग्य नव्हते. सत्तावीस म्हणा की वीस सात, त्या संख्येला तिनाने निःशेष भाग जातोच. २०२४ साली वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय झाला, त्याने तिथल्या तोरणा किल्ल्याची उंची इंचभरही हलली नाही.

इथे प्रतिपक्ष म्हणेल, ‘उंची ही वस्तू आहे, संख्या ही वस्तू नाही.’ ठीक. मग वस्तू सोडून निव्वळ अंकांकडेच येऊ. देवळालीला शाळामास्तर असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) अंकांशी खेळण्यात आयुष्यभर रमले. त्यांनी १९४९ च्या सुमारास जाहीर केलेली गोष्ट अशी : सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावून आलेल्या संख्येतून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करा. उत्तराला पुन्हा तसेच करा. फार तर सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ ला पोचता, आणि मग तिथून हलत नाही.

तोरण्याची उंची १४०३ मीटर. ४३१० वजा ०१३४ म्हणजे ४१७६. ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. दोनच पायऱ्या. तीच उंची फुटांत ४६०३. आता ६०८४, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ अशी वाट तुडवत सातव्या पायरीला ६१७४. मीटर फ्रेंचांनी ठरवला, फूट इंग्रजांनी आणला, समुद्रसपाटीपासून मोजायचे हेही आपणच ठरवले. तरी दोन्ही वाटा एकाच मुक्कामाला येतात, आणि त्या मुक्कामावर ना फ्रेंचांची सत्ता चालते ना इंग्रजांची.

‘पण ६१७४ हे दशमान पद्धतीचे लेकरू आहे,’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. तो बरोबर आहे, आणि म्हणूनच तो माझ्या बाजूने बोलतो. तीन अंकी संख्यांवर हीच क्रिया केली तर दशमानात ४९५ येतात. आठाच्या पायावर मोजणारे लोक असते तर त्यांना ३७४ मिळाले असते. बाराच्या पायावर मोजणाऱ्यांना पाच, अकरा, सहा हे अंक मिळाले असते. पाया सम असला की मधला अंक पायाहून एकाने कमी, शेवटचा पायाच्या निम्मा, पहिला त्या निम्म्याहून एकाने कमी. पाया तुम्ही निवडा. त्या पायावर काय येणार ते तुमच्या हाती नाही. कापरेकरांनी खेळ रचला. खेळाचा शेवट त्यांना सापडला. या दोन क्रियांमधला फरक पुसून टाकल्याशिवाय ‘गणित ही निर्मिती’ हे मत उभेच राहत नाही.

माझ्याच बाजूचे लोक एक लंगडा युक्तिवाद करतात, तोही इथेच बाजूला सारला पाहिजे. गणित निसर्गात चालते, गणितावर धरणे उभी राहतात, म्हणून ते खरे, असे ते म्हणतात. युजीन विग्नर या भौतिकशास्त्रज्ञाने १९६० साली निसर्गात गणित इतके चपखल कसे बसते याबद्दल आश्चर्य व्यक्त केले, तेव्हापासून हा मुद्दा फार लोकप्रिय झाला. पण वेल्हे तालुक्यातले पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ ला फुटले आणि पुणे बुडाले, म्हणून गणित खोटे ठरले का? आणि भोरजवळ भाटघरची भिंत उभी आहे, म्हणून ते सिद्ध झाले का? पाण्याचा दाब खोलीच्या प्रमाणात वाढतो, हा पाण्याचा गुण. तो प्रयोगाने तपासावा लागतो. तो गुण मान्य केला, की खोली दुप्पट झाल्यावर उभ्या भिंतीवरचा एकूण जोर चौपट होतो, हे गणित. पाणी उद्या वेगळे वागले तर पहिले विधान पडेल. ‘पहिले मानले तर दुसरे आले’ हे पडणार नाही. गणिताच्या सत्याला धरणाच्या साक्षीची गरज नाही. ती साक्ष काढली की धरण फुटल्यावर तोंड लपवावे लागते.

भूमितीबद्दलही असेच बोलले जाते. युक्लिडची भूमिती दोन हजार वर्षे एकमेव सत्य मानली गेली, एकोणिसाव्या शतकात बोयाई आणि लोबाचेव्हस्की यांनी वेगळ्या भूमिती उभ्या केल्या, तेव्हा सत्य कुठे राहिले? तोरणा, राजगड आणि रोहिडा या तीन किल्ल्यांचा त्रिकोण कल्पनेने पृथ्वीच्या गोल पाठीवर काढा. त्याच्या तीन कोनांची बेरीज १८० अंशांहून किंचित जास्त भरेल. किती जास्त, तेही आधी सांगता येते : सुमारे १९७ चौरस किलोमीटरला एक विकला, म्हणजे अंशाचा तीन हजार सहाशेवा भाग. हा त्रिकोण लहान, त्यामुळे त्याची वाढ विकलेहूनही कमी. सपाट पृष्ठावर बेरीज १८० च असते आणि गोलावर क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. नव्या भूमितींनी जुने सत्य खोडले नाही, त्याची हद्द दाखवली.

तरीही निर्मितीवाद्यांपुढे सर्वांत मोठी अडचण उभी केली आहे ती आपल्या भास्कराचार्यांनी, आणि तीही नकळत. ११५० साली ‘लीलावती’ लिहिणाऱ्या या माणसाचा अधिकार केवढा, तर १२०७ साली चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. त्यांनी शून्याने भागलेल्या संख्येला खहर म्हटले, तिला अनंत मानले, आणि शून्याने गुणून पुन्हा शून्यानेच भागले तर मूळ संख्या परत येते अशीही रीत सांगितली. गुणाकार पुरा करून शून्य लिहू नये, एवढी काळजी त्यांनी घेतली होती. पण तो पुरा केला, की एक गुणिले शून्य आणि दोन गुणिले शून्य यांत भेद उरत नाही, आणि त्यांची रीत सरसकट लावली तर एक आणि दोन सारखे ठरतात. संख्या माणसाने निर्माण केल्या असत्या तर भास्कराचार्यांइतका योग्य निर्माता दुसरा कोण? त्यांनी सांगितले, शेकडो वर्षे विद्वानांनी पाठ केले, तरी साधे अंकगणित त्या रीतीला वाकले नाही. आपल्या आज्ञेला असे ठाम नकार देणारे काहीतरी समोर आहे, हे मान्य करण्याला माझ्या मते पर्याय नाही.

हे ‘काहीतरी’ कुठे आहे, असे विचारतात. प्लेटोसारखे संख्यांचे वेगळे जग मानले, तर त्या जगाशी आपला संबंध कसा येतो, हा प्रश्न पॉल बेनासेराफने १९७३ साली नेमका मांडला आहे आणि तो अवघड आहे. मला असे जग मानावेसे वाटत नाही. दुपटीची मापे घेतली की एकतीसची मागणी पुरी होणारच, यातला ‘च’ कुठे राहतो असे मी विचारत नाही. तो आहे आणि तो माझा नाही, एवढे मला पुरते. जिथे हा ‘च’ उरत नाही तिथे मी हटतो. १९६३ साली पॉल कोहेनने गोडेलचे आधीचे काम पुरे करून दाखवले, की अनंतांच्या आकाराविषयीचा कँटरचा एक प्रश्न संचांच्या नेहमीच्या गृहीतकांवरून ना सिद्ध होतो ना खोडता येतो. तिथे कोणते नवे गृहीतक घ्यायचे, हे ठरवण्यात माणसाचा वाटा आहे हे मी मोकळेपणाने मानतो. पण या टोकावरच्या प्रश्नावरून सारे अंकगणित संकेताचे ठरवणे म्हणजे गावच्या शिवेवर एक बांध वादात आहे म्हणून सगळे शिवार बेवारस ठरवणे.

हा वाद वर्गात उतरतो तेव्हा त्याची झळ मुलांना लागते. गणित म्हणजे मोठ्यांनी ठरवलेले नियम, असे एकदा मनात बसले, की मूल नियम पाठ करते आणि शिक्षकाच्या तोंडाकडे पाहते. सापडणारे सत्य म्हटले, की ते वहीकडे पाहते. खोऱ्यातल्या कुठल्याही शाळेत हे करून पाहता येईल. मुलांना तीन अंकी कापरेकर द्यावा आणि सगळे ४९५ लाच का येतात ते विचारावे. वजाबाकी केली की उत्तर नेहमी ९९ च्या पटीत येते, कारण मधला अंक दोन्हीकडे मधेच राहून गळून जातो, आणि उरतो तो मोठ्या व लहान अंकातला फरक गुणिले ९९. तिन्ही अंक सारखे नसले, तर हा फरक एक ते नऊ एवढाच असू शकतो. म्हणजे पहिल्या पायरीनंतर ९९ पासून ८९१ पर्यंत नऊच संख्या उरतात. नऊ मुलांनी नऊ संख्या वाटून घेतल्या तर एका तासिकेत सगळ्यांची तपासणी होते, आणि पहिली पायरी धरूनही सहा पायऱ्यांहून जास्त कोणालाच लागत नाहीत.