घरचा आयकर आणि चॅटबॉटचे शब्दप्रमाण

कुटुंबाच्या आयकराविषयी चॅटबॉटला, म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला माणसासारख्या वाक्यांत उत्तर देणाऱ्या संगणकीय प्रणालीला, काही विचारणेच धोक्याचे आहे, असे मत चार्टर्ड अकाउंटंटांकडून आणि सुशिक्षित करदात्यांकडूनही ऐकू येते. ही प्रणाली चुकते, तिच्यापुढे घरचे व्यवहार उघडे पडतात आणि कर हा तज्ज्ञाचा विषय असल्याने गृहस्थाने त्यात पडू नये, असा हा पूर्वपक्ष आहे.

त्यातील पहिले कारण हलके लेखण्याजोगे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने के.एम.जी. वायर्स या कंपनीची करआकारणी रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले; त्यामागचे एक ठळक कारण असे की, आकारणी करणाऱ्या अधिकाऱ्याने आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात यंत्राने पुढे केलेली माहिती पडताळल्याशिवाय वापरता कामा नये, असेही न्यायालयाने बजावले. परंतु या प्रकरणातून विचारण्यावर बंदी निघत नाही, पडताळण्याचे कर्तव्य निघते. शिवाय ते निवाडे शोधूनही सापडत नाहीत, हे करदात्याच्या बाजूने कोणी तरी तपासले, म्हणूनच चूक उघडकीस आली. भारतीय न्यायदर्शनाने आप्तवाक्य, म्हणजे जाणत्या आणि विश्वासार्ह व्यक्तीचे वचन, हे शब्दप्रमाण मानले आहे. चॅटबॉट आप्त नाही, कारण आपल्या शब्दाचे उत्तरदायित्व त्याच्यावर येत नाही. मात्र जो आप्त नाही तो कायद्याची भाषा उलगडून सांगणारा दुभाषा म्हणूनही निरुपयोगी ठरतो, हे अनुमान सदोष आहे.

नाशिकच्या इंदिरानगरासारख्या वस्तीत आप्त आणि दुभाषा यांतील हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या या भागातील एकाच घरात अंबड औद्योगिक वसाहतीतला पगार, वृद्ध आईचे कुटुंब निवृत्तिवेतन आणि निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबागेचे उत्पन्न एकत्र नांदू शकते. समजा, प्रमाणित वजावटीनंतर एका नोकरदाराचे उत्पन्न १० लाख रुपये आणि त्याच्या स्वतःच्या नावावरील बागेचे निव्वळ उत्पन्न ५ लाख रुपये आहे. ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ आणि ‘शेतीचे उत्पन्न करमुक्त’ ही दोन्ही वाक्ये त्याने ऐकलेली असतात, आणि प्रश्न मोघम असेल तर चॅटबॉटही तीच जोडून देण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात शेतीचे उत्पन्न करमुक्त असले, तरी इतर उत्पन्नावरील कराचा दर ठरवताना ते हिशेबात धरले जाते. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीप्रमाणे १५ लाखांवरील १,०५,००० रुपयांच्या करातून ९ लाखांवरील (शेतीचे ५ लाख अधिक ४ लाखांची मूळ मर्यादा) ३०,००० रुपये वजा होऊन ७५,००० रुपये उरतात. १२ लाखांपर्यंतचा कर शून्यावर आणणारी करसवलत जास्तीत जास्त ६०,००० रुपयांची असल्याने १५,००० रुपये आणि त्यावरील ४ टक्के उपकर भरावाच लागतो. ‘शेतीचे उत्पन्न दर ठरवण्यासाठी कसे धरतात?’ असा नेमका प्रश्न विचारणाऱ्याला हा हिशेब पायरीपायरीने समजून घेता येतो आणि कागदावर ताडूनही पाहता येतो. पडताळता येणे हेच येथे निर्णायक आहे.

प्रश्न नेमका असायला हवा, कारण नियम देशागणिक बदलतात: अमेरिकेत पती-पत्नींना एकत्र विवरणपत्र भरता येते. भारतात हिंदू अविभक्त कुटुंबाचा अपवाद सोडल्यास प्रत्येक व्यक्ती स्वतंत्र करदाता असते. म्हणून देश, आर्थिक वर्ष आणि करप्रणाली यांचा उल्लेख नसलेला प्रश्न अर्धवटच राहतो. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा कायदा असल्याने कोणत्या कायद्यातील कलम सांगितले जात आहे, हेही पाहावे लागते. खासगीपणाचा आक्षेप मात्र योग्य आहे आणि तो मान्यच करावा: पॅन, आधार, खाते क्रमांक व नावे चॅटबॉटला देऊ नयेत, कारण नियम समजण्यासाठी त्यांची गरजच पडत नाही.

कर हा केवळ तज्ज्ञाचा विषय, हे तिसरे कारण सर्वांत दुबळे आहे. जुलैच्या धावपळीत चार्टर्ड अकाउंटंट विवरणपत्र भरून देतो, पण ते शिकवण्याइतकी उसंत त्याला क्वचितच असते. आणि अनेक घरांत पत्नीचे किंवा आईचे विवरणपत्र, तिने मोबाइलवर आलेला ओटीपी वाचून दाखवला की, पूर्ण झाले असे समजले जाते. पतीने स्वतःचे पैसे पत्नीला देऊन तिच्या नावे मुदतठेव केली, तर १९६१ च्या कायद्याच्या कलम ६४ नुसार त्या ठेवीचे व्याज पतीच्या उत्पन्नात मिळवले जाते. मात्र तेच व्याज पुन्हा गुंतवून आलेले पुढचे व्याज पत्नीचे ठरते. हा भेद तिच्या पैशांविषयी आहे आणि तो तिला तिच्या मराठीत, दहा वेळा विचारले तरी न कंटाळता समजावणारे साधन आज तिच्या हातात आहे. तज्ज्ञाचा मान राखण्यासाठी तिने अनभिज्ञ राहावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. उलट, आयकर विभागाच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरण, म्हणजे विभागाकडे नोंदलेल्या आपल्या व्यवहारांची यादी, वाचून आणि प्रश्न लिहून आलेली स्त्री तज्ज्ञाचेही काम अधिक निर्दोष करते. विवरणपत्राच्या अखेरीचे सत्यापन, म्हणजे दिलेली माहिती खरी व पूर्ण असल्याची घोषणा, शेवटी तिच्याच नावाने होते.