तळं घेतलं, आता शेवटचा नळ घ्या



२० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्यांच्यामागून हजारो माणसं प्याली. मग सनातन्यांनी तळं ‘शुद्ध’ केलं. कशानं? १०८ घागरी पंचगव्यानं. पिण्याच्या पाण्यात शेण आणि गोमूत्र ओतून! आमच्या ओंजळीनं पाणी बाटतं आणि शेणानं शुद्ध होतं, हे यांचं शास्त्र. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं निकाल आपल्या बाजूनं दिला. एका तळ्याला दहा वर्षं लागली.

तेव्हा शुद्ध पाणी म्हणजे काय, हे विचारायचा पहिला हक्क आपला. पण आपण दर २० मार्चला महाडला जातो, घसा फोडून घोषणा देतो आणि गावी येऊन नळाला येईल ते मुकाट पितो. पाण्याला हात लावायचा हक्क घेतला. ते पाणी पिण्याजोगं आहे का, हे कोण बघतं?

गावाचं पाणी साधं असतं. विहीर, पंप, टाकी, पाईप. जंतू मारायला टीसीएल पावडर. ताजी पावडर असेल तर हजार लिटरला पाच ग्रॅम. चार मीटर रुंद गोल विहिरीत तीन मीटर पाणी म्हणजे साधारण ३७,७०० लिटर; तिला सुमारे १९० ग्रॅम लागते. पावडर बादलीत कालवायची, अर्धा तास निवळू द्यायची, वरचं पाणी विहिरीत सोडायचं, चोथा टाकून द्यायचा. मग निदान अर्धा तास थांबायचं. यात मंत्र नाही, मॅट्रिकचं गणित आहे.

पण पोतं उघडं राहिलं, ओल लागली, की क्लोरीन उडून जातो. मी गोदीत पोती वाहतो. भिजलेला माल वजनाला भरतो, कामाला येत नाही. पंचायतीच्या कोपऱ्यात वर्षभर पडलेली पावडर म्हणजे नुसता चुना. रजिस्टरात मात्र रोज सही.

आता पाईप बघा. आमच्या गावी तो आधी गावठाणात फिरतो, बौद्धवाड्यात शेवटी येतो. पाणी तासभर. ते बंद झालं की पाईप रिकामा होतो, आत ओढ घेतो. गटारातून गेलेल्या पाईपचा जोड ढिला असला की गटार आत. दुसऱ्या दिवशी पहिली धार तीच. टाकीतला क्लोरीन वाटेतली घाण मारता मारता संपतो. टाकीजवळचं पाणी चोख, आमच्या हंड्यातलं नासलेलं. ‘पाणी सगळ्यांना सारखं’ असं सरपंच म्हणतो. टाकीत सारखं असेल, नळाला नाही.

कुणी म्हणेल, क्रांतीची भाषा सोडून हा पावडरीचा हिशोब काय मांडतोय? अरे, हगवणीनं पोर गेलं तर त्याच्या आईला कुठली क्रांती दाखवणार आहेस?

म्हणून ओटी टेस्ट शेवटच्या नळावर झाली पाहिजे. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे; लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम हवा. रंग आला नाही तर बोंब मारायची. तपासलेलं पाणी फेकून द्यायचं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलंय. त्यात आपल्या वस्तीतल्या किती, विचारा.

ग्रामसभेत उभं राहून विचारा. पावडर कधी आणली? डबा कुठं ठेवता? व्हॉल्व्ह कोण सोडतो, आमच्याकडं किती वेळ? पाईप गटारातून कधी काढणार? पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याची पाहणी होऊन पंचायतीला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कुठलं, ते भिंतीवर लावायला लावा.

बौद्धवाड्याचा नळ न तपासता मिळालेलं हिरवं कार्ड आम्हाला मान्य नाही.

जय भीम!